हातपाय गरम होईपर्यंत

माझ्या थोरल्या आत्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. ती होती याचा लेखी पुरावा एकच, गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमधली एक ओळ. पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव, मग 'ता. श्रीवर्धन', मग 'जि. कुलाबा'. आपल्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली. आत्या त्याच्या दहा वर्षं आधी गेली, म्हणजे ती कायम कुलाबा जिल्ह्यातच राहिली.

१९७१चा मे महिना, आगोटीचे दिवस. पावसाळ्यासाठी लाकडं पडवीत रचायची घाई चालली होती. आत्या दहा वर्षांची, माझे बाबा सात वर्षांचे. लाकडाच्या ढिगात हात घालताना तिला इंगळी डसली. आधी ती किंचाळली. मग थोड्या वेळानं ओकली आणि मग तिला इतका घाम सुटला की झगा पिळून काढावा. शेजारच्या वाडीतून मांत्रिक आला, त्यानं उतारा केला, विंचू 'उतरला' असं सांगितलं. मध्यरात्रीनंतर तिला धाप लागली, तोंडाशी गुलाबी फेस आला आणि पहाटेपूर्वी ती गेली. आजी पुढे पन्नास वर्षं एकच वाक्य सांगत राहिली, "हातपाय बर्फासारखे गार पडले होते गो, मी नुसती चोळत बसले होते."

बरोबर वीस वर्षांनी, १९९१मध्ये, त्याच घराच्या मागे गडग्याचे चिरे हलवताना बाबांना विंचू चावला. ओकारी आली, घाम सुटला. आजीनं घाम पाहिला आणि या वेळी मांत्रिकाला बोलवू दिलं नाही. मासळीच्या टेम्पोत घालून बाबांना तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, तळपायांना हात लावला आणि एक गोळी दिली. पलंगावरून उठायचं नाही म्हणाले. तीन तासांनी आले, पुन्हा तळपायांना हात लावला, पुन्हा गोळी दिली. आजीला विश्वासच बसेना. मूल मेलं त्या विषावर नुसती गोळी? सलाईन नाही, इंजेक्शन नाही? पहाटे बाबांचे पाय गरम झाले. दोन दिवसांनी ते घरी आले. पुढे त्यांचं लग्न झालं, मी झाले.

एका घरात दोन दंश आणि मध्ये वीस वर्षं. या वीस वर्षांत नेमकं काय घडलं, हा प्रश्न मला पडला तो मात्र अगदी वेगळ्या कारणामुळे. ते कारण पुढे येईलच. आधी ही वीस वर्षं पाहू.

*

विंचू कोकणाला नवा नाही. संत एकनाथांच्या विंचवावरच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्या भारुडात दंश झालेल्याच्या अंगाला घाम सुटतो, हा तपशील मी अलीकडे नव्यानं ऐकला आणि दचकले. रूपकासाठी निवडलेला विंचूसुद्धा कुणीतरी नीट पाहिलेला होता.

आपल्याकडे ढोबळमानानं दोन विंचू लोकांना माहीत असतात. एक मोठा काळा. तो चावला की वेदनेनं माणूस गडाबडा लोळतो, पण बहुधा वाचतो. दुसरा आकारानं लहान, लालसर. खरा जीवघेणा हा. म्हणजे वेदनेच्या तीव्रतेवरून धोका मोजायला गेलं तर माणूस फसतो. त्यातही लाल विंचवाचा प्रत्येक दंश गंभीर होतोच असं नाही. किती विष अंगात गेलं, माणसाचं वय आणि वजन किती, यावर ते ठरतं.

मांत्रिकाचं यश इथे दडलेलं आहे. दहा जणांना विंचू चावला आणि त्यांतले बहुतेक काहीही न करता बरे होणार असतील, तर मंत्र बहुतेक वेळा 'लागू' पडणारच. जो गेला त्याला उशिरा आणलं, किंवा त्याची वेळ भरली होती. मला इथे मांत्रिकाची टर उडवायची नाही, कारण त्या काळातल्या दवाखान्यांचं गणितही फार निराळं नव्हतं. अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन, गुंगीच्या औषधांचं मिश्रण, असं बरंच काही विंचूदंशावर दिलं जाई. बहुतेक रुग्ण बरे होत आणि औषधाला श्रेय मिळे. ज्यांना अशी मदत मिळूनही जीव गमवावा लागला, त्यांच्याकडे बारकाईनं पाहणारं कुणी असल्याशिवाय हा भ्रम तुटणार नव्हता.

असं पाहणारा माणूस १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव. गरीब शेतकरी घर, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं असेल आणि २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाल्यावर त्यांची गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापूनही आली. ती बहुधा 'खेड्यातल्या डॉक्टरनं औषध शोधलं' अशी सांगितली जाते. मला वाटतं, या सांगण्यात महत्त्वाचा अर्धा भाग हरवतो. औषध नंतर आलं. आधी आली नोंद.

बिरवाडीला विंचूदंशाचे रुग्ण येत आणि त्यांतले काही डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत. पाठ्यपुस्तकात यावर जेमतेम काही ओळी. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून जे दिसतं ते टिपायला सुरुवात केली. दंश किती वाजता झाला, ओकारी कधी आली, घाम कधी सुटला, लाळ गळते का, हातपाय गार कधी पडले, नाडी किती, रक्तदाब किती, फुप्फुसात पाणी कधी भरलं. पुरुष रुग्णांच्या बाबतीत शिश्न ताठरणं हेही एक लक्षण. ते विचारायला आणि लिहायला डॉक्टरला संकोच सोडावा लागतो. या नोंदींमधून एक क्रम दिसू लागला. जे पुढे गंभीर होणार त्यांच्यात ओकारी, दरदरून घाम, लाळ, ताठरलेलं शिश्न, गार हातपाय ही लक्षणं आधी दिसतात. हृदयावरचं संकट त्यानंतर येतं.

१९८२मध्ये हे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. लंडनहून निघणाऱ्या या नियतकालिकात आपला लेख यावा म्हणून मोठमोठ्या विद्यापीठांतले प्राध्यापक धडपडतात. त्या लेखात कुठलंही नवं औषध नव्हतं. कोणता रुग्ण मरणाच्या वाटेवर आहे हे दोन-चार तास आधी कसं ओळखावं, एवढंच त्यात होतं. पण दहातले बहुतेक आपोआप वाचणारे आणि एखाद-दुसरा मरणारा, या गर्दीतून तो एखाद-दुसरा वेगळा काढता आल्याशिवाय कुठल्याच उपचाराची परीक्षा होऊ शकत नव्हती. मंत्राची नाही आणि इंजेक्शनचीही नाही.

आत्याची ओकारी आणि पिळून काढावा असा घाम आजीनं पाहिला होता. लक्षणं तिला तोंडपाठ होती. त्यांचा अर्थ १९७१मध्ये तिच्या आसपास कुणालाच ठाऊक नव्हता.

*

लक्षणांचा क्रम कळला की कारणाकडे जाता येतं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना असं चेतवतं की अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन यांचा रक्तात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलावं लागतं, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी साठतं. तोंडाशी येणारा गुलाबी फेस तो हाच.

मधल्या काळात बावस्कर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून एमडी झाले. एमडी झालेला डॉक्टर शहरात राहतो, हा तेव्हाही शिरस्ता होता. ते रायगड जिल्ह्यात परत आले. पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी गंभीर रुग्णांवर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं वापरायला सुरुवात केली. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड. ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यावं लागतं आणि सतत लक्ष ठेवावं लागतं. मग प्राझोसिन. सत्तरच्या दशकात रक्तदाबासाठी आलेली ही साधी, स्वस्त गोळी रक्तवाहिन्या आवळणारी आज्ञा जिथे पोचते तिथेच अडवते. १९८६मध्ये प्राझोसिनच्या वापराबद्दलचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यावर दोन नावं होती, हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर. पुढे दोघांनी महाडला दवाखाना काढला आणि हे काम चालू ठेवलं.

गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आलं. यातला थोडा वाटा रस्ते, टेम्पो आणि फोन यांचाही असणार. १९७१मध्ये आमच्या गावातून रात्री तालुक्याला जायला काही साधनच नव्हतं. पण टेम्पोनं दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं तरी आत काय द्यायचं हे ठाऊक नसेल, तर रस्त्याचा उपयोग तेवढाच राहतो.

मला या उपचारात सर्वांत भावतो तो त्याचा थांबा. गोळी दर तीन तासांनी द्यायची, हातपाय गरम होईपर्यंत. कुठलंही यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. औषध लागू पडतंय की नाही हे रुग्णाच्या तळपायाला हात लावून कळतं. ज्या आरोग्य केंद्रात रात्री वीज जाते, तिथेही हे मोजमाप चालू राहतं. आजी रात्रभर चोळत बसली होती तेच हातपाय. तिचं निरीक्षण बरोबर होतं, पण तेव्हा त्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं.

आणि तरीही माझ्या बाबांना वाचवलं ते बावस्करांनी नाही. बाबा महाडला पोचलेच नव्हते. तालुक्याच्या ज्या डॉक्टरांनी गोळी दिली, त्यांचं नाव आमच्या घरी कुणाला आठवत नाही. पण त्यांना ते ठाऊक होतं. कुठल्या तरी व्याख्यानात ऐकलं असेल, कुठे वाचलं असेल, कुणा सहकाऱ्यानं सांगितलं असेल. बावस्कर डॉक्टरांसमोर व्याख्यानं देत, लिहीत, हे सर्वश्रुत आहे. एका आरोग्य केंद्रातलं निरीक्षण लंडनला जाऊन छापलं जातं आणि फिरून डोंगराच्या अलीकडच्या दुसऱ्या दवाखान्यात पोचतं, हा प्रवास मला शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्या अनाम डॉक्टरांनी शोध लावला नाही. त्यांनी शिकून घेतलं, गोळी कपाटात ठेवली आणि रात्री तीन तासांनी उठून ते पुन्हा आले.

*

रोजच्या रुग्णांकडे पाहून वैद्यकाला नवं काही देणारा गावचा डॉक्टर ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी साधी प्रॅक्टिस करत. त्यांच्या देखरेखीखालची एक गरोदर बाई बाळंतपणात हृदय निकामी होऊन गेली. आपल्याला हे आधी का कळलं नाही, या टोचणीतून त्यांनी रुग्णांच्या नाडीचे आलेख वर्षानुवर्षं काढले आणि हृदयरोगाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घातला. आयुष्याच्या शेवटी लंडनमधली भरभराटीची प्रॅक्टिस सोडून ते स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गेले. आजाराची सुरुवात पाहायची तर ती मोठ्या रुग्णालयात दिसत नाही, गावच्या डॉक्टरलाच दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. यॉर्कशायरमधल्या विल्यम पिकल्स यांनी आपल्या खोऱ्यातल्या साथींच्या नोंदी ठेवल्या. कोण कुणाला कधी भेटलं हे त्यांना ठाऊक असे, त्यामुळे संसर्ग आणि लक्षणं यांच्यातला काळ ते मोजू शकले. १९३९मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावी ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी प्रौढ गावकऱ्यांचा रक्तदाब मोजून त्याचा पाठपुरावा केला. जिथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत कमी मिळते, हा त्यांचा 'उलट्या सेवेचा नियम' १९७१चा. माझी आत्या गेली त्याच वर्षीचा.

या सगळ्यांमध्ये मला तीन गोष्टी समान दिसतात. ते एकाच ठिकाणी दीर्घकाळ राहिले. प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, वरून आलेला नव्हता. आणि त्यांनी ठेवलेली नोंद सर्वांत आधी त्यांच्याच उपयोगाची होती.

आता आपल्याकडे पाहू. भोर समितीनं १९४६च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली आणि १९५२पासून केंद्रं सुरू झाली. आजचा निकष सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र, असा आहे. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेनं प्राथमिक सेवा हाच आरोग्याचा कणा, असं जगाला सांगितलं. तेव्हा बिरवाडीतल्या विंचवाच्या नोंदी सुरू झालेल्या होत्या. २००५मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं, २००८मध्ये आरोग्याची आकडेवारी भरायचं राष्ट्रीय पोर्टल, २०१३मध्ये गुणवत्तेची राष्ट्रीय मानकं, २०१५मध्ये स्वच्छतेसाठी 'कायाकल्प'. यांतलं काहीच वाईट नाही. प्रसूतिगृह स्वच्छ असावं, औषधांचा साठा कळावा, लसीकरण मोजलं जावं, हे कोण नाकारेल? पण या सगळ्या नोंदींची दिशा एकच आहे, खालून वर. केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला. परत येताना सहसा प्रश्न येतो, 'आकडा कमी का?'

*

आता माझं कारण. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची टीम प्राथमिक डॉक्टरांसाठी एक अ‍ॅप बनवते. त्यातला 'गुणवत्ता' हा भाग माझ्याकडे आहे. रक्तदाब, साखर, वजन, पुढच्या तपासणीची तारीख असे रकाने, त्यावरून डॉक्टरचा गुणांक आणि गुणांकाप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल रंग. हे रकाने सक्तीचे आहेत. भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. ही सक्तीची लाल चांदणी मीच लावली आहे.

गेल्या वर्षी आम्ही भरून आलेली माहिती तपासली. रक्तदाबाच्या रकान्यात १२०/८० हा आकडा संशय यावा इतक्या वेळा होता. काही ठिकाणी एकापाठोपाठ एक सगळ्या रुग्णांचा रक्तदाब तोच. मीटिंगमध्ये यावर जी चर्चा झाली तिचा मथळा होता, 'डॉक्टरांना सहभागी कसं करून घ्यावं'. सुचलेले उपाय असे, एकच आकडा पुन्हा भरल्यास इशारा द्यावा, महिन्याचा उत्तम डॉक्टर निवडावा, बक्षीस द्यावं. मीही एक सुचवला. तो लिहायची आता लाज वाटते.

त्या शनिवारी मी गावी गेले. जेवताना बाबांना हे सांगत होते. ते म्हणाले, "दिवसाला शंभर पेशंट आणि वर तुझे रकाने. तू काय भरलं असतंस?" मग थोडं थांबून, "माझ्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं होतं, पण स्वतःच्या वहीत. सकाळी मला दाखवलं, बघा, पाय कधी गरम झाले ते." ही वही मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती वही जिल्ह्याला जाणार नव्हती, तिच्यावरून गुणांक निघणार नव्हता. पुढच्या विंचवाच्या पेशंटसाठी त्यांना ती हवी होती, एवढंच.

माझ्या मनात तेव्हापासून हा फरक घर करून आहे. १२०/८० लिहिणारा डॉक्टर आळशी किंवा खोटारडा असतोच असं नाही. आपण त्याला अशी माहिती मागतो जिचा त्याला स्वतःला काही उपयोग नाही, आणि मग तो ती मनापासून देत नाही म्हणून चकित होतो. बावस्करांनी घामाची वेळ लिहिली, कारण त्यांना समोरचं मूल का मरतंय ते हवं होतं. त्या रकान्यावर कुणीही लाल चांदणी लावलेली नव्हती.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी स्वतःच स्वतःला घेतला. सगळ्या डॉक्टरांनी बावस्कर व्हावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. व्यवस्था असामान्य माणसाच्या भरवशावर चालवता येत नाही. बंधपत्राचं एक वर्ष भरून जाणारा मुलगा, ज्याला राहायला धड क्वार्टर नाही, रात्री सोबत नर्स नाही, त्याच्याकडून संशोधन मागणं क्रूरपणाच आहे. शिवाय डॉक्टरच्या स्वतःच्या निरीक्षणावर सगळं सोडलं तर मांत्रिकाचाच भ्रम पांढऱ्या कोटात परत येतो. मी अमुक देतो आणि पेशंट बरे होतात, हे वाक्य मोठमोठे डॉक्टरही म्हणतात.

दुसऱ्या भागाचं उत्तर या गोष्टीतच आहे. प्राझोसिनचा पहिला पुरावा आधीच्या रुग्णांशी तुलना करून आलेला होता आणि अशी तुलना कच्ची असते. दरम्यान मुंबईच्या हाफकिन संस्थेचं लाल विंचवाचं प्रतिविष उपलब्ध झालं. प्राझोसिन की प्रतिविष, असा वाद कोकणातच उभा राहिला. २०१०मध्ये चिपळूणकडच्या डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी प्रतिविष सरस असल्याचं मांडलं. २०११मध्ये बावस्कर दांपत्यानं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आपली चाचणी छापली. महाडचे ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीनं दोन गटांत वाटलेले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दुसरा गट सरासरी आठ तासांत बरा झाला, पहिल्याला जवळजवळ अठरा तास लागले. म्हणजे ज्या गोळीनं नाव दिलं ती एकटी पुरेशी चांगली नाही, हे त्यांनी स्वतःच्या दवाखान्यात मोजून स्वतःच्या नावानं छापलं. गुणवत्ता सुधारणं म्हणजे काय, याचं याहून सरळ उदाहरण मला सापडलेलं नाही.

त्यांचं आणखी एक काम याच वहीतलं आहे. २०१३मध्ये एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा चेक आला. तो त्यांनी परत केला आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. आमच्या अ‍ॅपमध्ये सत्तावीस रकाने आहेत. रुग्णाला तपासणीला पाठवण्याचं खरं कारण काय, हा त्यांत नाही. तो असूही शकणार नाही. काही गोष्टी रकान्यात मावत नाहीत आणि त्यांच्यावाचून बाकी रकाने पोकळ राहतात.

पहिल्या भागाचं, म्हणजे असामान्य माणसाच्या भरवशाचं उत्तर मला बाबांच्या डॉक्टरात दिसतं. सगळ्यांनी शोध लावायची गरज नाही. पण शिकून घेणारा, गोळी कपाटात ठेवणारा, तीन तासांनी परत येणारा डॉक्टर प्रत्येक तालुक्यात लागतो आणि तो असामान्य नसला तरी चालतं. त्याला लागतात ते दोन-तीन सहकारी, ज्यांच्याशी बोलता येईल. वेळेवर येणारा औषधांचा साठा. राहण्याजोगं घर. आणि त्यानं जे टिपलं ते त्याच्याकडेच परत येणं, म्हणजे मागच्या वर्षी तुमच्याकडे एवढे विंचूदंश आले, एवढे उशिरा आले, ते या तीन वाड्यांमधले होते. अशी माहिती हातात आली तर ती खोटी भरण्यात कुणाला काय रस असेल?

*

पुण्याला परतल्यावर मी एक छोटा बदल सुचवला. सत्तावीसपैकी एकोणीस रकान्यांवरची सक्ती काढावी. महिन्याच्या शेवटी डॉक्टरला रंग आणि गुणांक दाखवण्याऐवजी त्याच्याच रुग्णांची यादी दाखवावी, कोण परत आलं नाही, कुणाचा रक्तदाब सहा महिने उतरला नाही. आणि शेवटी एक मोकळी जागा, जिच्यावरून काहीही मोजलं जाणार नाही, 'तुम्हाला काय दिसलं?' एवढाच मथळा असलेली. मॅनेजरांनी विचारलं, या मोकळ्या जागेचं विश्लेषण कसं करणार? मी म्हटलं, वाचून. मीटिंगमध्ये लोक हसले. यादीचा भाग मंजूर झाला, मोकळी जागा पुढच्या टप्प्यावर ढकलली गेली. आमच्याकडे पुढचा टप्पा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

आजी चार वर्षांपूर्वी गेली. तिला प्राझोसिन हे नाव कधीच कळलं नाही. ती त्याला 'पाय तापवायची गोळी' म्हणायची. मला ते नाव सापडलं तेव्हा सांगायला ती नव्हती. मागच्या मे महिन्यात घरी होते तेव्हा बाबा पडवीत लाकडं रचत होते, जाड हातमोजे घालून, प्रत्येक लाकूड आधी काठीनं उलटून. मी विचारलं, आता कुणाला चावला तर कुठे नेणार? ते म्हणाले, "तालुक्याला. पण आधी फोन करून विचारायचं, गोळी आहे का."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आले. गोळी होती. नवीन आलेली डॉक्टर माझ्याच वयाची होती. प्रतिविष आहे का, असंही विचारलं. तिनं कपाट उघडून बघितलं, मग ड्रॉवरमधून एक वही काढली आणि त्यात काहीतरी लिहून घेतलं.